मांजराचं उरलेलं तूप

१२ जानेवारी १९७५, रविवार

ही डायरी खताच्या कंपनीची आहे, मागच्या सालची. जालन्याला ज्या दुकानात दोन महिने पोती उचलली, तिथल्या शेठनं निघताना दिली. म्हणला, रोज लिहीत जा, डोकं ठिकाणावर राहील. पानावर शनिवार छापलाय, आज आहे रविवार. म्हणून आधी वार खोडायचा आन मंग लिहायचं. खोडण्यातच निम्मं ध्यान जातं.

काल टेंभुर्णीला गिरिजाआत्याकडं आलो. बद्रीनाथ ड्रायव्हरचा ट्रक महिन्याच्या शेवटाला नागपूरला जाणार आहे. फाट्यावर थांबून तो तीनदा हॉर्न देणार, मी क्लीनर म्हणून चढणार, असं आमचं पक्कं ठरलंय. नागपूर मी बघितलं न्हाई. आत्यानं बघितलंय, छप्पन साली, दीक्षेला गेल्ती तेव्हा. त्यामुळं जाऊ नको असं तिला म्हणता येत न्हाई. म्हणली बी न्हाई. एवढंच म्हणली, "जा बाबा. पर जायच्या आधी त्या उंदराचं काही तरी करून जा."

आत्याचे मालक वारले तेव्हापासून तिचं पोट गोधड्यांवर आहे. आता गावातल्या रामरावांच्या लेकीचं लगीन निघालंय आन नवरीबरोबर द्यायच्या चार गोधड्या आत्याकडं शिवायला आहेत. पहिली झाली तशी आत्यानं घडी घालून नेऊन दिली. रामरावांच्या घरच्या द्वारकाबाईंनी उघडून बघितली तर कोपरा उंदरानं कुरतडलेला. परत धाडली. निरोप असा, की अजून एक भोक दिसलं तर सगळं काम राजूरच्या बाईला देऊन टाकीन. एवढं मुठीएवढं भोक आत्याला घडी घालताना दिसलं न्हाई. घाईत असंल.

१४ जानेवारी, मंगळवार

शेजारच्या सगुणाबाईकडून पिंजरा आणला. आत भजं लावायचं म्हणून काल भजे आणायला फाट्यावर गेलो. तिथं राजूरच्या गणपतीला निघालेली माणसं च्या पीत बसल्ती. त्यातला एक जण शिंगावरनं म्हशीचं वय सांगायचा. ऐकत बसलो. घरी आलो तर पुड्यात एकच भजं उरल्तं. ते लावलं. सकाळी बघतो, भजं गायब, पिंजरा बंद, आत कुणी न्हाई.

आत्या म्हणली, उंदराला बी कळलं, एका भज्यावर किती थांबायचं.

औषध टाकू का म्हणलं तर ती चिडली. चिंध्यांच्या ढिगात उंदीर मरून पडला तर हुडकणार कोण, आन नवरीला गोधडीतच सापडला तर? तिचं बराबर आहे. म्हणून आता मांजर आणायचं ठरलं. सगुणाबाई म्हणली, सकाळी सकाळी मांजर आडवं जाईल, बघा बाई. आत्या म्हणली, आडवं गेलं म्हंजी त्ये त्याच्या कामाला चाललं. आपण आपल्या कामाला जावं.

१६ जानेवारी, गुरुवार

मांजर यायच्या आधी घरात त्याची सोय पाहिजे. शिंक्यासाठी दोरी आणायला बाजारात गेलो. न्हाईतर दूध खाली ठेवून मांजराची नियत खराब करायची. दोरीवाल्याच्या शेजारी बैलांचं सामान मांडल्तं, त्यात एक बारीक घुंगरू एवढं गोड वाजत होतं की मी तेच घेतलं. मांजराच्या गळ्यात शोभंल.

आत्यानं ते हातात घेऊन वाजवलं. "ह्ये कशाला? उंदरायला खबर द्यायला?"

हे मला बाजारात सुचलं न्हाई. पण आत्या काही वाया घालवत न्हाई. तिनं घुंगरू दाराच्या कडीला बांधून टाकलं. आता मी बाहेर पडलो की वाजतं आन आत आलो की वाजतं. मांजराचं घुंगरू आन वाजून राह्यलं माझ्या नावानं.

दोरी उद्या आणतो.

१७ जानेवारी, शुक्रवार

चांगलं मांजर वस्तीच्या त्या टोकाला तातेरावांच्या घरी आहे, असं सगळे सांगतात. गेलो. तातेराव नव्हते, त्यांची लेक सत्यशीला होती. ती बालवाडीची बाई आहे, मॅट्रिक झालेली, म्हणून मी जयभीम घालून सरळ 'बाई' म्हणलं. मांजर उंबऱ्यात बसल्तं. पिवळं पांढरं, तोंड असं की जणू त्याच्याकडं आमची काही थकबाकी आहे.

मांजर मागितलं. ती म्हणली, घर बघितल्याशिवाय मी मांजर देत न्हाई. मी म्हणलं, "बाई, मांजर द्यायचंय का पोरगी?"

"पोरगी दिली तर ती चिठ्ठी तरी धाडती," ती म्हणली. "मांजर काय धाडणार?"

ह्याला जबाब परत येताना निम्म्या वाटेत एक चांगला सुचला, पण तो सांगायला मागं जाणं बरं दिसलं नसतं. आता तो बी विसरलो.

१८ जानेवारी, शनिवार

दाराच्या खालच्या फळीला मांजरासाठी भोक पाडलं. मांजर केवढं ते हातानं आठवून कापलं. सांजच्याला आम्ही जेवायला बसलो तर त्या भोकातून सगुणाबाईचं कुत्रं आत आलं, आरामात, जसं काही त्याला आवतण दिल्तं. चुलीजवळची भाकर घेतली आन आलं तसं गेलं. आत्या हसून हसून भिंतीला टेकली. म्हणली, ह्या मापानं तर वासरू बी येतंय, सोय चांगली केलीस.

तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून भोक लहान केलं. त्यात बोट कापलं. आज एवढंच, बोटानं लिहवत न्हाई.

२० जानेवारी, सोमवार

शिंकं झालं. हे मात्र मला येतं. ट्रकवर माल बांधताना शिकलेल्या गाठी कामाला आल्या. राखेची पाटी कोपऱ्यात ठेवली. जुन्या टोपल्यात चिंध्या घातल्या. दुधाचं सगुणाबाईच्या म्हशीवर ठरलं, बदल्यात तिचं कुंपण बांधून द्यायचं. निम्मं बांधलं, मंग एक भोवरे विकणारा आला, त्याच्याबरोबर पारापर्यंत गेल्तो. उद्या निम्मं.

रोज सकाळी आत्या माझ्याकडून सुया ओवून घेती. आधी एक, मंग दोन, आज मूठभर पुढं केल्या. म्हणली, तू रिकामाच बसलाय. मी कुठं रिकामा? पण ओवल्या. सुयांचं नेढं काही बारीक न्हाई, गोधडीच्या सुया त्या. तिला आता बसल्या जागी हुकूम करायची हौस आली वाटतं.

आत्याचे टाके पहिल्यांदा आखल्यासारखे सरळ असायचे. आता ते भोकरदनच्या रस्त्यासारखे वळत वळत चाललेत. मी म्हणलं, आत्या, तुझे टाके माझ्यावर गेले. ती म्हणली, "व्हय बाबा. तुह्याच वळणाचे."

२१ जानेवारी, मंगळवार

बालवाडी सुटल्यावर सत्यशीला घर बघायला आली. आत्यानं सकाळीच सारवून घेतल्तं आन मला धुतलेला सदरा घालायला लावला. मांजरासाठी सदरा कशाला, मला कळलं न्हाई.

सत्यशीलानं भोक बघितलं. पाटी बघितली. शिंकं दोनदा ओढून बघितलं आन कुणी विणलं म्हणून विचारलं. आत्या म्हणली, त्यानंच, हातात कला आहे, पायात भोवरा आहे. मंग सत्यशीला गोधडीजवळ बसली आन टाक्यांवरनं बोट फिरवत फिरवत गेली, पार कडेपर्यंत. आत्या च्या ठेवायला उठली तशी मला हळूच म्हणली, "आत्याबाईला सुई दिसती का?"

"दिसती की. मी ओवून देतो."

ती माझ्याकडं बघत राह्यली. माझ्या तोंडाला काही लागलंय का म्हणून मी हात फिरवला.

"तुम्ही किती दिवस आहात इथं?"

"गाडी येईस्तोवर. एकदा मांजर राह्यलं की मी मोकळा."

"आन न्हाई राह्यलं तर?"

"मांजर कसं न्हाई राहणार? एवढी सोय केलीय."

ती म्हणली, सोय तर दिसतीय. परवा या आन घेऊन जा. जाताना कडीचं घुंगरू तिनं उगंच एकदा वाजवलं.

२३ जानेवारी, गुरुवार

मांजर आणलं. त्याची तऱ्हा सगुणाबाईनं सांगितल्ती. मांजराला पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं, वाटेत फेरे मारायचे, म्हणजे त्याला मागची वाट कळत न्हाई. मी म्हणलं, करायचं तर बराबर करू. तातेरावांच्या घरून निघालो ते आधी शाळेकडं गेलो, तिथून नदीला, नदीवरून बाजाराकडं. पोत्यातून मांजर असं ओरडत होतं की दुकानावरची माणसं उठून बघायला लागली. प्रत्येकाला सांगावं लागलं. सांगता सांगता फाट्यापर्यंत गेलो. तिथं च्या झाला. बद्रीनाथच्या गाडीचं विचारलं, कुणाला काही माहीत नव्हतं. मंग रामरावांच्या वाड्यामागून घरी. निघालो दुपारी, पोचलो दिवे लागल्यावर.

आत्या म्हणली, तुला राजूरहून आणायला सांगितल्तं का रे?

मांजर टोपल्यात न बसता चुलीमागं जाऊन बसलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी मांजर न्हाई. तातेरावांकडं गेलो तर उंबऱ्यात बसल्तं, कालच्याच तोंडानं. सत्यशीलानं पोतं मागितलं आन उजेडाला धरलं. पोत्याला उंदरानं पाडलेली दोन भोकं होती, बराबर डोळ्याएवढी.

"आधी तिला एकच वाट ठाऊक होती," ती म्हणली. "तुम्ही सगळं गाव दाखवलं."

मांजर ती आहे, तो न्हाई, हे बी आजच कळलं.

तिकडं तिसऱ्या गोधडीची कड उंदरानं धरलीय. आत्याला मीच दाखवली. तिनं हातानं चाचपली. रात्री जेवली बी न्हाई बराबर. मी म्हणलं, आत्या, हे ठिगळ लावून झाकता येईल. ती म्हणली, "ठिगळ लागंल रे. काम गेलं तर त्याला कशाचं ठिगळ लावू?"

आज लिहायला मजा न्हाई.

२६ जानेवारी, रविवार

झेंड्याला गेलो. बालवाडीची पोरं ओळीत उभी होती. एक पोरगं रडत होतं, त्याला घुंगरू दाखवू म्हणलं तर ते घरी दाराला. पोरं पांगल्यावर सत्यशीलाला विचारलं, मांजर राहीना, काय करावं?

ती म्हणली, "मांजराला घर कळायला घरात माणूस बसलेलं लागतं. आत्याबाई दिवस मावळला की अंथरुणावर. तुम्ही फाट्यावर. तिनं बसावं कुणाजवळ, शिंक्याजवळ?"

मला जरा लागलं. पण शिंकं चांगलं झालंय हे तिच्या ध्यानात आहे.

दुपारी सगुणाबाई वाटीभर तूप घेऊन आली. म्हणली, मांजराच्या चारी पायांना तूप चोळा. ते चाटतं आन चाटता चाटता त्याला घराची चव लागती. तूप लावलेलं मांजर घर सोडत न्हाई, आमच्या माहेरी असंच करतात. आत्या असल्या गोष्टी मानत न्हाई. मी वाट बघितली, आता सगुणाबाईला सुनावती म्हणून. पण आत्यानं वाटी घेतली, वास घेतला आन म्हणली, "तूपच तर आहे. चांगलं आहे. त्यानं कुणाचं वाईट झालंय?"

सत्यशीला स्वतः मांजर घेऊन आली, कडेवर, पोतं न्हाई काही न्हाई. आत्यानं धरलं, मी तूप चोळलं. मला तीन ओरखडे. मांजरानं आमच्याकडं पाठ करून एकेक पाय चाटला, जणू आम्ही तिच्यावर मोठा अन्याय केलाय. वाटीत बरंच तूप उरलं. आत्यानं ते झाकून शिंक्यात ठेवलं.

२८ जानेवारी, मंगळवार

दोन सांजा मी फाट्यावर गेलो न्हाई. अंगाला खाज सुटल्यासारखं होतं. पण मांजर आहे. मी कंदिलाजवळ सुया ओवतो, आत्या चौथी गोधडी शिवती, मांजर समोर बसून दोघांकडं बघती. काल सत्यशीला आल्ती, तिसऱ्या गोधडीची कुरतडलेली कड तिनं बसल्या बसल्या काढून नवी लावली, पहिलीचा कोपरा बी नवा केला. तिचे टाके आखल्यासारखे. मधे आत्याचे, कडेला तिचे. एक ओळ मी बी घातली, ती कुठली हे कुणीही ओळखंल.

सत्यशीला म्हणली, जालन्याला डोळ्यांचं शिबिर लागणार आहे पुढच्या महिन्यात, आत्याबाईला कुणीतरी न्यायला पाहिजे. आत्या म्हणली, कशाला, मला काय झालंय? तीच म्हणते काही झालं न्हाई, तर मंग कशाला न्यायचं, असं मी म्हणलं. दोघींनी माझ्याकडं बघितलं. मांजर बी माझ्याकडं बघायला लागली.

३० जानेवारी, गुरुवार

आज सकाळी मांजरानं उंदीर धरला. चांगला घुशीएवढा. आणून माझ्या पिशवीवर ठेवला, जी मी नागपूरसाठी भरून ठेवल्ती. पिशवी धुवावी लागली. पण मी एवढा खूश झालो की सगुणाबाईला हाक मारून दाखवला. तिचं कुत्रं बी बघून गेलं.

चारी गोधड्या घेऊन आम्ही रामरावांकडं गेलो. द्वारकाबाईंनी ओसरीवर उघडून एकेक कोपरा बघितला. भोक न्हाई. मंग हात फिरवता फिरवता मधे थांबल्या. "गिरिजाबाई, टाके वळलेत."

आत्या खाली बघून पदराचं टोक पिळायला लागली. आत्याला असं कधी बघितलं न्हाई मी. एरवी ती कुणालाही जबाब देती. आज मीच दिला.

"वळलेलेच पाहिजेत, काकू. सरळ टाक्यावरनं थंडी सरळ आत येती. वळणावर तिला वाट सापडत न्हाई."

द्वारकाबाई माझ्याकडं बघत राह्यल्या, मंग हसायला लागल्या. म्हणल्या, कुठून आणलंय हे पोरगं? गोधड्या ठेवून घेतल्या. वर जावयासाठी अजून दोन सांगितल्या, उन्हाळ्यापर्यंत द्या म्हणल्या. वाटेत आत्यानं माझा दंड धरला. दगडाधोंड्याची वाट आहे म्हणून धरला असंल, घरापर्यंत सोडला न्हाई.

घरी आल्यावर म्हणलं, बघ आत्या, झालं ना सगळं? मांजर राह्यली, गोधड्या गेल्या. उद्या गाडी आली की मी निघतो. ती म्हणली, व्हय, निघ.

मंग मी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या. दोरा लांब घेतला तर गुंता होतो, आखूड घेतला तर जल्दी संपतो. ह्याचं काही करता येत न्हाई. दोन गोधड्यांना पुरंल का, हे मोजायला गेलो आन सोडून दिलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी पिशवी भरून बसलो. आत्यानं शिंक्यातून वाटी काढली आन म्हणली, पाय इकडं कर.

मी म्हणलं, आत्या, ते मांजराचं तूप आहे. ती म्हणली, उरलंय ते काय फेकू? लांबच्या गावाला जायचं, तळव्याला उष्णता नको. मंग काशाच्या वाटीनं तिनं माझे दोन्ही तळवे चोळले, चांगला वेळ, तळवे काळे होईस्तोवर. लहानपणी ताप आला की चोळायची तसं. पाय पुसू दिले न्हाई. म्हणली, जिरू दे. माझा डोळा लागत होता तेवढ्यात फाट्यावर हॉर्न वाजला, तीनदा.

जयभीम म्हणून निघालो. कडीचं घुंगरू वाजलं. आत्या दारापर्यंत आली न्हाई, चिंध्या निवडत बसल्ती.

तूप लावलेल्या पायात रबरी चप्पल म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. पळायला गेलो की पाय एकीकडं, चप्पल एकीकडं. बालवाडीपुढून गेलो तर सगळी पोरं खिदळायला लागली. सत्यशीला दारात उभी होती. ती हसली न्हाई. मी हात केला, तिनं केला न्हाई. शेवटी चपला हातात घेऊन फाट्यावर पोचलो.

बद्रीनाथ थांबल्ता. पिशवी आत फेकली आन पायदानावर पाय ठेवला. घसरला. दुसरा ठेवला, तो बी घसरला, नडगीला मार बसला.

"पायाला काय लावलंय रे?"

"तूप. आत्यानं लावलं."

"निघताना?"

"हां. मांजराचं उरल्तं."

मंग त्याला मांजराचं सगळं सांगितलं, पोत्यापासून सगुणाबाईच्या माहेरापर्यंत. त्यानं इंजन बंद करून ऐकलं. ऐकून झाल्यावर बराच वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. त्याची आई मागच्या साली वारली, तेव्हापासून तो मधेच असा बसतो. मंग त्यानं माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"भिवा, तू ऱ्हा. पुढच्या खेपेला बघू."

त्याचं बराबर आहे. क्लीनरला मालावर चढून दोर आवळावे लागतात. घसरत्या पायाचा क्लीनर कुणी कशाला नेईल?

गाडी दिसेनाशी झाली. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. एक च्या घेतला, मंग दुकानातून दोऱ्याची दोन रिळं घेतली, एक तांबडं, एक पिवळं. येताना बालवाडीत सत्यशीलाला विचारून आलो, ते डोळ्यांचं शिबिर कोणत्या तारखेला आहे. जालना आपल्या पायाखालचं आहे. आत्याला उगं एकटीला कशाला धाडायचं, चुकंल कुठं तरी. सत्यशीलानं तारीख सांगितली आन माझ्या मातीनं माखलेल्या पायांकडं बघून तोंडाला पदर लावला. आता हसली, मघाशी हसायचं तेव्हा हसली न्हाई. ह्या बाईचं काही कळत न्हाई.

दार ढकललं, घुंगरू वाजलं. आत्यानं वर बघितलं न्हाई. "आला का? ही सुई सुटली, ओव."

पिशवी ठेवून पाय पसरून बसलो आन ओवायला घेतली. तेवढ्यात मांजर चुलीमागून आली, माझ्या पायांचा वास घेतला आन तळवा चाटायला लागली. काय खरखरीत जीभ, कानसच. गुदगुल्यांनी जीव जायची वेळ आली, मी पाय ओढायला लागलो.

"हलू नको," आत्या म्हणली. "लागू दे तिला घराची चव."

म्हणून बसलोय. एक तळवा झाला, दुसऱ्यावर आलीय. लिहितोय ते बी हळूच, तिचं काम मोडायला नको.